बरोक डान्स आजच्या प्रेक्षकांसमोर करताना: स्टेप्स न बदलता तो लोकांना दिसेल कसा

पुण्याच्या एका कथक शिकणाऱ्या मुलीने विचारलं होतं, "ताई, तीनशे वर्षांपूर्वीचा हा फ्रेंच दरबारी डान्स, बरोक, तुम्ही आजच्या लोकांसमोर करता, तर तो बोअर होऊ नये म्हणून स्टेप्स बदलता का? विग आणि भरजरी गाऊन नसले तर चालतं का? आणि लोकांना आधी सगळं समजावून सांगावं लागतं का?" तेव्हा घाईत दोन ओळींचं उत्तर दिलं, आता तिलाच सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात सांगते. स्टेप्स बदलत नाही, विग बहुतेक वेळा घालत नाही, आणि समजावणं होईल तितकं कमी. माझी सगळी मेहनत जाते ती या डान्समध्ये जे बघण्यासारखं आहे ते समोरच्याला खरोखर दिसतंय का, यावर. डान्स जुना आहे म्हणून लोक कंटाळत नाहीत, त्यांना तो धड दिसतच नाही म्हणून कंटाळतात, आणि बऱ्याचदा त्याचं कारण आपण कलाकारच असतो, म्हणजे चुकीचं स्टेज, चुकीची लाईट, पायाच्या वर लोंबणारा घेर, आणि रेकॉर्डवरचं भलत्याच लयीचं म्युझिक.

मुळात आपल्या हातात काय आहे ते आधी बघ, नाहीतर "बदलता का" या प्रश्नाला अर्थच उरत नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा, १६५३ मध्ये 'बॅले द ला न्युई'मध्ये उगवता सूर्य होऊन तो स्टेजवर आला तेव्हा चौदा वर्षांचा होता, आणि १६६१ मध्ये त्याने डान्सची अकादमी काढली. प्येर बोशाँ या त्याच्या डान्स मास्टरने पावलं कागदावर उतरवण्याची पद्धत बसवली, पण ती छापून आणली राऊल-ओजे फ्यूये याने, १७०० साली, आणि त्यावरून बोशाँने तक्रारही गुदरली. त्या पद्धतीत लिहिलेले तीनशेहून जास्त डान्स आज शिल्लक आहेत. पान म्हणजे वरून बघितलेली जमीन, पानाच्या वरच्या बाजूला राजा बसलाय असं धरायचं. त्या जमिनीवर एक रेघ वळणं घेत जाते ती तुझी वाट, रेघेला छेदणाऱ्या छोट्या आडव्या खुणा म्हणजे म्युझिकचे बार (मात्रांचे ठरलेले छोटे गट), आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेका पावलाची खूण, तिच्यावर परत बारीक टिंबं-रेघा, गुडघा कुठे वाकवायचा, टाचा कुठे उचलायच्या, उडी कुठे, वळायचं किती. पानाच्या डोक्यावर तेवढ्याच बारांची धून. म्हणजे कुठलं पाऊल कुठल्या सुरावर पडायचं हे मला आज, या मिनिटाला, कागद उघडून कळतं. आपल्याकडच्या जुन्या बंदिशी गुरूच्या तोंडून आल्या, इथे पायांचा लेखी कागद आहे, आणि तो एवढा चोख असताना त्यातली पावलं मनाने बदलायची मला गरज वाटत नाही.

पण त्याच कागदावर हात जवळजवळ नाहीतच. चेहरा नाही, नजर नाही, श्वास नाही, पाऊल केवढं लांब टाकायचं तेही नाही. हातांसाठी आपण मुख्यतः प्येर रामोच्या १७२५ च्या पुस्तकाकडे जातो (संगीतकार जाँ-फिलिप रामो तो वेगळा), त्यात मनगट कसं फिरतं, कोपर कसं मागोमाग येतं, उजवा पाय पुढे तर डावा हात पुढे हे सगळं त्याने खूप जीव लावून लिहिलंय. तरी पुस्तक वाचून हात हलत नाहीत. त्यामुळे "आम्ही अगदी अस्सल, त्या काळी जसं होतं तसंच करतो" असं कोणी म्हणालं की मला पटत नाही, त्या माणसाने अर्धे निर्णय स्वतःच घेतलेले असतात, फक्त ते सांगत नाही. मी माझ्यापुरतं असं ठरवलंय की कागदावर जे लिहिलंय, म्हणजे पावलं, वाट आणि म्युझिकशी जुळणी, त्याला हात लावायचा नाही, आणि जे लिहिलेलं नाही त्याची जबाबदारी माझी, ते आजच्या माणसाच्या अंगातून आलं तरी हरकत नाही.

आता दिसण्याबद्दल. मिन्युएटचं, म्हणजे जोडीने करायच्या एका दरबारी डान्सचं, उदाहरण घेते कारण तो नाव ऐकलेला डान्स आहे आणि सगळ्यात गैरसमजही त्याच्याचबद्दल आहेत. म्युझिक तीन मात्रांचं, पण पावलांचा एक संच सहा मात्रांचा, म्हणजे दोन बार मिळून एक. त्या सहा मात्रांत पावलं चारच, आणि नेहमीच्या एका प्रकारात ती पडतात १, ३, ४, ५ वर. म्हणजे व्हायोलिन तीन-तीन मोजतंय आणि पाय त्याच्या आडवे चाललेत, सहाव्या मात्रेला गुडघा वाकतो आणि पुढच्या पहिल्या मात्रेला शरीर वर उठतं. हे वर उठणं कथकवालीला समजायला वेळ लागतो बघ. आपली सम म्हणजे पाय जमिनीवर, ठाम, खाली. इथे समेला शरीर पंजावर वर जातं, खाली जाणं आधीच उरकलेलं असतं. मला स्वतःला तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, अंगात इतका मुरलेला की हे हाडात बसायला बराच काळ गेला, आणि एकदा बसलं की म्युझिकच वेगळं ऐकू येतं, पहिली मात्रा जड न वाटता फुलल्यासारखी वाटते.

प्रेक्षकालाही हेच दिसायला हवं. आजचा प्रेक्षक बीट म्हटलं की खाली आपटणारा ठोका ऐकत मोठा झालाय, मग तो पुण्याचा असो की पॅरिसचा, आणि समोर कोणीतरी बीटवर तरंगल्यासारखं वर येतंय हे त्याला नेमकं पकडता आलं तर तो खुर्चीत पुढे सरकतो, मी हे स्टेजवरून अनेकदा बघितलंय. त्यासाठी मी भाषण देत नाही. मिन्युएटचा पहिला भाग म्युझिकशिवाय नाचते, फक्त चामडी सोलचा घासण्याचा आवाज आणि श्वास, आणि मग तोच भाग लगेच व्हायोलिनबरोबर. दोन मिनिटांत लोकांना कळतं की पाय एक मोजतोय आणि कान दुसरं मोजतोय. हे मला पाच मिनिटं माईकवर बोलून कधीच पोचवता आलं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. मिन्युएटमध्ये जोडी समोरासमोरच्या कोपऱ्यांतून निघते, इंग्रजी झेड अक्षरासारख्या वाटेवरून मधल्या तिरक्या रेघेवर एकमेकांना ओलांडते, मग उजवा हात देऊन फेरी, डावा हात देऊन फेरी, परत झेड, शेवटी दोन्ही हात. बस. एवढीच गोष्ट आहे, दोन माणसं जवळ येतात, लांब जातात, आणि शेवटी दोन्ही हात देतात. पण सपाट हॉलमध्ये तिसऱ्या रांगेच्या मागे बसलेल्याला पायही दिसत नाहीत आणि वाटही दिसत नाही, त्याला दिसतात दोन डोकी इकडून तिकडे जाताना, मग तो कंटाळेल नाहीतर काय करेल. म्हणून हॉल सपाट असेल तर मी आयोजकांना आधीच सांगते की खुर्च्या तीन बाजूंना, रांगा दोनच, किंवा मग बाल्कनी असलेलं थिएटर द्या. तिकिटं कमी विकली जातात, त्यावरून वादही होतात, पण यात मी मागे हटत नाही. छतावर कॅमेरा लावून वाटेचं चित्र पडद्यावर दाखवायचं हा उपायही काही जण करतात, दिसतं छान, पण मग सगळे पडद्याकडेच बघत बसतात आणि जिवंत माणूस समोर नाचतोय तो राहून जातो, मला ते आवडत नाही.

लाईटचंही तसंच. समोरून भरपूर पांढरा उजेड टाकला की पाय चपटे दिसतात. बाजूने, पोटरीच्या उंचीवर लावलेले दिवे असले तर गुडघा वाकण्याची आणि उठण्याची सावली पडते आणि तीच तर बघायची आहे. बूट जमिनीपेक्षा उजळ रंगाचे हवेत, मोजे फिकट हवेत. मेणबत्त्यांचा प्रयोगही फार सुंदर होऊ शकतो, २००४ मध्ये दिग्दर्शक बेंजामँ लाझार आणि संगीत सांभाळणारा व्हँसाँ द्युमेस्त्र यांनी मोलिएरचं 'ल बुर्ज्वा जाँतीयोम' हे नाटक ल्युलीच्या, म्हणजे चौदाव्या लुईच्या दरबारी संगीतकाराच्या, संगीतासकट मेणबत्त्यांच्या उजेडात केलं होतं, त्यात चेहऱ्यांना आणि हातांना जो जिवंतपणा येतो तो इलेक्ट्रिक दिव्यात येत नाही. पण त्यासाठी सगळी मंडळी, भाषेचे उच्चार, मेकअप, हातवारे, सगळं त्या उजेडाच्या हिशोबाने बसवावं लागतं. नुसत्या चार मेणबत्त्या लावून वातावरणनिर्मिती करायची असेल तर नको, पाय अंधारात जातात.

कपड्यांबद्दल तू विचारलंस. कपडे शरीराला शिकवतात हे खरं आहे, कॉर्सेट घातलं की पाठ कुठे संपते ते कळतं, टाचेचा बूट घातला की वजन आपोआप पुढे येतं, मोठा घेर असला की जोडीदारापासून किती अंतर ठेवायचं हे ठरूनच जातं. म्हणून तालमीत मी सगळं घालते आणि विद्यार्थ्यांनाही घालायला लावते. पण प्रयोगात बायकांचा जमिनीला टेकणारा घेर म्हणजे सगळं काम झाकणं. त्या काळी बायकांच्या पायांची कारागिरी झाकली जायची आणि पुरुषांची दिसायची. १७३० च्या आसपास पॅरिस ऑपेरातली मारी कामार्गो तिची झपाट्याची पावलं दिसावीत म्हणून घेर थोडा वर घेऊन नाचली आणि त्यावरून बोलबाला झाला, म्हणजे ही अडचण त्या बायकांनाही होतीच. मी घोट्याच्या वर राहील असा साधा घेर, अंगाबरोबर असलेली बॉडीस आणि खरे टाचेचे बूट एवढ्यावर काम करते. विग नसला की आणखी एक फायदा होतो, मानेची हालचाल दिसते.

शिवाय विग आणि पंखा आला की लोक हसायला लागतात. मुजरा करताना, म्हणजे त्याला तिकडे रेव्हेराँस म्हणतात, हॉलमध्ये खुसखुस ऐकू येते, कारण सिनेमा-सिरीयलमध्ये करंगळी वर करून लाडेलाडे वाकणारे सरदार बघितलेले असतात. आणि कलाकार जर स्वतःच थोडा नखरा करून "बघा किती गंमत आहे ना" अशा नजरेने वाकला तर त्या प्रयोगाचं पुढे काहीच होत नाही. रेव्हेराँस हळू आणि साधा करायचा. वजन मागच्या पायावर, गुडघे वाकले, नजर खाली जाते आणि परत वर येते ती समोरच्या माणसावर थांबते. एवढं नीट केलं तर हॉल शांत होतो.

कारण त्या दरबारात हा प्रकार गमतीचा नव्हताच. बॉलमध्ये, म्हणजे दरबारी नाचाच्या समारंभात, एका वेळी एकच जोडी नाचायची आणि बाकी अख्खा दरबार राजासकट बघत बसायचा. सें-सिमों या दरबारातल्या सरदाराने आपल्या आठवणींत लिहिलंय, १६९२ मध्ये ड्यूक द शार्त्रच्या लग्नाच्या बॉलमध्ये मोंब्रों घराण्यातल्या एका तरुणाने आपण चांगले नाचतो अशी बढाई आधी मारली होती आणि ऐनवेळी ताल चुकला, तर सगळे त्याच्यावर इतके हसले की त्याला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मी नवीन जोडीदाराला मिन्युएट शिकवताना हा प्रसंग हमखास सांगते. मग त्याचे पाय बदलतात. त्याला कळतं की ही फुलपाखरं उडवायची जागा नाही, इथे माणूस सगळ्यांच्या नजरेखाली शांत राहण्याचा प्रयत्न करतोय. आणि ही गोष्ट आजच्या प्रेक्षकाला वेगळी सांगावी लागत नाही, चारचौघांत आपल्याकडे सगळे बघतायत हा अनुभव कोणाला नाही?

म्युझिकवर मी सगळ्यात जास्त भांडते. रेकॉर्डिंगवर नाचायची वेळ आली तर मी शक्यतो नाहीच म्हणते, कारण बहुतेक रेकॉर्डिंग्ज ऐकण्यासाठी केलेली असतात, मिन्युएट एकतर लोळत जातो नाहीतर इतका पळतो की गुडघा वाकायला वेळच मिळत नाही. लाईव्ह वादक असले, अगदी एक व्हायोलिन आणि एक हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) का असेना, तरी पहिल्या रिहर्सलला मी त्यांना उभं करून मिन्युएटची पावलं चालायला लावते. व्हायोलिनवाल्यांना पटकन कळतं, कारण ल्युलीच्या वाद्यवृंदात बारच्या पहिल्या मात्रेला बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, खाली ओढायचा हा नियम होता, गेओर्ग मुफाट या संगीतकाराने १६९८ मध्ये तो लिहून ठेवलाय, आणि त्या खाली येणाऱ्या बोवर नाचणारा वर उठतो. हात खाली, शरीर वर. हे एकदा दोघांनाही जाणवलं की लय कोणी कोणाला सांगावी लागत नाही.

कार्यक्रमात काय घ्यायचं हाही मोठा भाग आहे. एकामागून एक आठ बॉल डान्स लावले तर मीसुद्धा बघणार नाही. बॉलचे दोन-तीन पुरेत, पेकूर या डान्स बसवणाऱ्याचा १७०१ चा 'एमाब्ल व्हँकर' माझा आवडता, धून संगीतकार कांप्राच्या 'एझियोन' या ऑपेरातली, लूर नावाच्या संथ प्रकारातली, जोडीने करायचा. त्यानंतर थिएटरचे डान्स, ज्यात उड्या, पायांचे बीट्स (हवेत एक पाय दुसऱ्यावर आपटणं) आणि खरा दमसास लागतो. आणि मुख्य म्हणजे एक मोठा पासाकाय, म्हणजे एकच तुकडा फिरत राहणाऱ्या साथीवरचा लांब डान्स. ल्युलीच्या 'आर्मीद'मधला, ऑपेरा १६८६ चा, त्यावर पेकूरने सुब्लिनी या नर्तकीसाठी बसवलेला एकल डान्स लिहिलेला उपलब्ध आहे, ती लंडनला जाऊन नाचली तोच. ऑपेरात हा प्रसंग असा आहे की जादूगार आर्मीद आपल्या प्रेमात गुंतवलेल्या रनोला सोडून थोड्या वेळासाठी गेलीय आणि सुखविलासाच्या देवता त्याचं मन रमवतायत. खाली बासमध्ये, म्हणजे खर्जातल्या साथीत, चार बारांचा उतरता तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो आणि वर धून बदलत जाते. तुला हे लगेच कळेल, आपला लेहरा, म्हणजे कथकच्या साथीची धून, घे, तो फिरत राहतो आणि त्याच्यावर आपण एकेक तुकडा मांडतो. फरक एवढाच की इथे प्रत्येक तुकडा ठरलेला आहे, आणि पायांचे तुकडे बासच्या तुकड्यांवर कधी बरोबर बसतात तर कधी मुद्दाम त्याच्यावरून पुढे सांडतात.

या डान्सला प्रेक्षकांचा प्रतिसाद सगळ्यात चांगला येतो, आणि मला वाटतं त्याचं कारण आजच्या लोकांच्या कानाला लूपची सवय आहे. तोच बास चौथ्यांदा आला की ते वाट बघायला लागतात. मग मी काय करते, तर पहिले काही तुकडे खूप आत, लहान नाचते, जवळपास स्वतःशीच, आणि धून सुरेल बासऱ्यांवर जाते तिथून जमीन वापरायला सुरुवात करते. कागदावर लहान-मोठं लिहिलेलं नाही, ते माझं.

मोठ्या संस्थांनी काय केलं त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. १९८७ मध्ये ल्युलीच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली तेव्हा विल्यम क्रिस्टीच्या 'लेझार फ्लोरिसाँ' या संगीतमंडळीने ल्युलीचाच 'आतीस' हा १६७६ चा ऑपेरा केला, दिग्दर्शन जाँ-मारी व्हिलेजिएचं, डान्स फ्रान्सीन लान्सलोचे. लान्सलोने १९८० मध्ये स्वतःची कंपनी काढून हे काम चालवलं होतं, संशोधक आणि नर्तकी दोन्ही. तो प्रयोग इतका गाजला की तो पाहिलेल्या एका अमेरिकन श्रीमंताने पुढे पैसे घातले आणि २०११ मध्ये तो परत उभा राहिला. त्यात डान्स मधल्या वेळची करमणूक म्हणून नव्हता, गोष्टीतली माणसंच नाचत होती, आणि सगळ्यांच्या अंगावर काळे-करडे दरबारी कपडे, कुठे चकचकाट नाही. तिथून पुढे लान्सलोच्या परंपरेतल्या बेआत्रीस मासँने २००२ मध्ये बाखच्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंवर बरोकच्याच पावलांतून पूर्ण नवीन रचना केली, कागदावरचा एकही डान्स नाही पण भाषा तीच. मला तो रस्ता फार मानाचा वाटतो.

आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या बास्तीय ऑपेरात जाँ-फिलिप रामोच्या 'लेझँद गालांत' या ऑपेराला दिग्दर्शक क्लेमाँ कोजितोर आणि कोरिओग्राफर बिंतू देंबेले यांनी क्रम्प, व्होगिंग असे रस्त्यावरचे डान्स लावले, लोक उभे राहून ओरडत होते. त्यातल्या 'सोव्हाज'च्या (तेव्हाच्या भाषेत 'रानटी लोक') धुनीचं मूळ म्हणजे १७२५ मध्ये लुइझियानाहून पॅरिसला आणलेल्या मूळ अमेरिकन लोकांचा नाच रामोने बघितला होता, तेव्हा आज उपनगरातल्या मुलांनी त्याच धुनीवर स्वतःचा नाच आणणं याला अर्थ आहे. त्यात कोणी बरोक पावलं करत असल्याचा आव आणला नव्हता, म्हणून मला ते प्रामाणिक वाटलं. (नावातल्या 'अँद', म्हणजे इंडीज, या शब्दावरून आपल्याकडच्या लोकांना वाटतं यात भारत असणार. एक तुर्की बेट, पेरू, इराण आणि उत्तर अमेरिका आहे, भारत नाही.)

हे सांगायचं कारण म्हणजे मला भारतीय म्हणून सतत विचारलं जातं की थोडं कथक मिसळ ना, दोन चक्कर, एखादी मुद्रा, प्रेक्षकांना आवडेल. मी नाही म्हणते. नवीन काही करायचं असेल तर संपूर्ण नवीन करू, नाव वेगळं देऊ, मी तयार आहे. पण सुब्लिनीच्या पासाकायमध्ये मध्येच हस्तक, म्हणजे कथकची हाताची हालचाल, घातला तर प्रेक्षकाला ना तो दिसतो ना हा, त्याचं लक्ष फक्त जोडावर जातं. तुलाही हे विचारतील, तयार राहा.

तुला सुरुवात करायची असेल तर मिन्युएटनेच कर, एकटी नको, जोडीदार घेऊन, कारण निम्मा डान्स समोरच्याच्या अंतरात आहे. बूट लेदर सोलचे, टाच चार-पाच सेंटीमीटर, घुंगरू बाजूला. फ्यूये, प्येर रामो आणि इंग्रजीतलं केलम टॉमलिन्सनचं १७३५ चं पुस्तक, हे सगळं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साईटवर बघायला मिळतं, फ्रेंच येत नसेल तर टॉमलिन्सनपासून सुरू कर, त्यात चित्रांमध्ये जोडीच्या पायाखाली जमिनीवरच पावलांच्या खुणा काढल्यात त्यामुळे वाट आणि शरीर एकत्र दिसतं. आधी वाट नुसती चाल, मग सहाव्या मात्रेला वाकणं आणि पहिलीला उठणं, तोंडाने मोजत, हात बिलकुल नको, हात निदान महिनाभर तसेच खाली सोडून दे. आणि घरच्या कोणालातरी खुर्चीवर उभं करून वरून बघायला सांग, तुमची झेड खरंच झेड दिसतेय का.